जाब कुणापुढे द्यायचा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ च्या पहिल्या पोटकलमाकडे आपल्या व्यवसायाचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल सर्वांना सारखीच, जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. नव्या कलमाने ती पाच वर्षांवर नेली. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून असे घडले, तर मात्र ती दोनच वर्षे ठेवली. हा व्यावसायिक म्हणजे कोण, तेही कलमाखालीच स्पष्ट केले आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानुसार ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे, तो. परिचारिकेचे नाव त्या वहीत नसते. म्हणजे अंधेरीतल्या एखाद्या रुग्णालयात एकाच रात्री, एकाच रुग्णाच्या बाबतीत, एकाच इंजेक्शनच्या चुकीसाठी डॉक्टर आणि सिस्टर दोघेही दोषी ठरले, तर डॉक्टरांना कमाल दोन वर्षे आणि सिस्टरला कमाल पाच.

ही तफावत दूर झालीच पाहिजे. पण ती मागणी घेऊन जाताना आपल्याला एक प्रश्न हमखास विचारला जाईल: तुमच्यातल्या चुकलेल्या व्यक्तीची चौकशी तुम्ही स्वतः करता का?

६ नोव्हेंबर २०२१ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. ११ रुग्ण दगावले. पुढच्या काही दिवसांत एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. इमारतीचे वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, तिची देखभाल यांतले काहीही स्टाफ नर्सच्या हातात नसते. आग लागल्यावर वॉर्डात कोणी काय केले, काय करता आले असते, हे विचारायलाच हवे होते, आणि ते विचारले जाण्याला परिचारिकांनी कधी विरोध करू नये. पण अतिदक्षता विभागातली ड्यूटी म्हणजे काय, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण किती मिनिटांत आणि किती माणसांनी हलवता येतो, हे ठरवायला परिचर्येचे ज्ञान लागते. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले की, डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये. ते निर्देश डॉक्टरांना उद्देशून आहेत. अटकेआधी परिचर्येतल्या जाणकाराला विचारण्याचे तसे बंधन परिचारिकांच्या बाबतीत नाही.

आपली नोंदवही काही आजकालची नाही. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. आज आपण ज्याखाली नोंदणी करतो तो महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा. नोंदणी देणे आणि नूतनीकरण करणे एवढेच राज्याच्या परिचर्या परिषदेचे काम नाही. गैरवर्तनाची चौकशी करून नाव वहीतून काढण्याचाही अधिकार तिला आहे. वाचकांनी आठवून पाहावे: आपल्या ओळखीच्या किती जणींची चौकशी परिषदेपुढे झाली? उपनगरातल्या बहुतेकींना परिषद आठवते ती नूतनीकरणाचे वर्ष आले की.

एरवी प्रकरण मिटते ते मालक डॉक्टरांच्या केबिनमध्ये. चुकीचा डोस गेला, नातेवाइकांनी आवाज चढवला, की “सिस्टर, उद्यापासून येऊ नका.” घाटकोपरची सिस्टर पुढच्या आठवड्यात मुलुंडला रुजू होते. रुग्णाला खरे काय झाले ते कळत नाही. नर्सिंग होमने एका सिस्टरला ३० खाटा सांभाळायला दिल्या होत्या, हे कुठल्याच कागदावर येत नाही. सिस्टर स्वतः चुकली असेल, तर ती कशी चुकली हे तिलाही कोणी बसून समजावत नाही. या मिटवामिटवीत सर्वांत सुरक्षित राहतो तो मालक.

त्याहून गंभीर गोष्ट आहे प्रमाणपत्राची. पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात नर्सिंग होमच्या नोंदणीचे कागद जातात, त्यात पात्र परिचारिकांची नावे असतात. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण मागतो. आणि आपल्यातल्याच काही जणी आपले प्रमाणपत्र ‘लावून’ देतात. वॉर्डात प्रत्यक्ष उभी असते ती सहा महिन्यांचा कोर्स केलेली, नोंदणी नसलेली मुलगी. दोष त्या मुलीपेक्षा प्रमाणपत्र लावणारीचा मोठा आहे, असे आम्ही स्पष्टपणे मानतो. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. टायफॉइड झालेल्या लहान मुलाला क्लोरॅम्फेनिकॉल द्यायचे होते. नर्सने वडिलांना लॅरिआगो आणायला सांगितले आणि ते शिरेतून दिले. मूल कोसळले, मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स कोणत्याही राज्याच्या परिषदेकडे नोंदलेली नव्हती.

२०२१ च्या मे महिन्यात कांदिवलीच्या एका गृहसंकुलात ३९० जणांना बनावट शिबिरात ‘लस’ टोचली गेली. संशय आला तो नंतर, प्रमाणपत्रांवर वेगवेगळ्या रुग्णालयांची नावे दिसल्यावर. सुई टोचणाऱ्या हाताची नोंदणी विचारण्याची सवयच आपल्या समाजाला नाही. ब्युरोकडून बोरिवलीत वृद्ध आईवडिलांसाठी बाई बोलावणारी मुलेही पांढरा कोट बघतात, नंबर विचारत नाहीत. तो नंबर आपण स्वतःहून सांगायला लागलो, तर हे चित्र लवकर बदलेल.

आणि लिखाण. सहाचे व्हायटल्स पाचलाच भरून ठेवणे, जोडीदारणीच्या वतीने सही करणे, न दिलेल्या औषधापुढे टिक करणे यांची कारणे आम्हाला ठाऊक आहेत. तरीही ही कारणे तपासात उभी राहत नाहीत. फोनवर ऑर्डर आली तर ती वाचून दाखवा, वेळ आणि डॉक्टरांचे नाव लिहा, सकाळी सही घ्या. सही मिळाली नाही तर तेही लिहा. नाइटला एकटी होते, दोनदा फोन केला, उत्तर आले नाही, हे वेळेसह नोट्समध्ये असेल तर मालकाच्या चुकीचे ओझे तुमच्या खांद्यावर सहजासहजी येणार नाही. चूक झालीच, तर पहिली नोंद तुमचीच असू द्या.

चूक कबूल करणारीला काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात रॅडोंडा वॉट या नर्सने डिसेंबर २०१७ मध्ये व्हर्सेडऐवजी व्हेक्युरोनियम दिले, रुग्ण दगावला, आणि तिने चूक स्वतःच सांगितली. राज्याच्या नर्सिंग बोर्डाने आधी कारवाई टाळली, २०२१ मध्ये परवाना काढून घेतला. २०२२ मध्ये फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवून तीन वर्षांची प्रोबेशन दिली. तिथल्या परिचारिका हादरल्या त्या खटल्यामुळे. चूक सांगितली म्हणून आरोपी व्हायचे असेल तर पुढची सांगणार नाही, असे त्या म्हणाल्या. आम्हाला यात आणखी एक गोष्ट दिसते. बोर्डाने सुरुवातीलाच नीट चौकशी करून निर्णय दिला असता, तर पुढचे बरेच काही टळू शकले असते. व्यवसायाने आपले काम टाळले, की ते पोलिसांकडे जाते.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. त्यात आचारनीती व नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळ आहे, राज्य आयोगांचीही तरतूद आहे. राज्य आयोगाकडे संघटनांनी वेतन आणि भरतीच्या मागण्यांबरोबर आणखी तीन मागण्या नेल्या पाहिजेत. रुग्णाला आणि परिचारिकेला दोघांनाही तक्रार करता येईल अशी, ठरावीक मुदतीत निकाल देणारी चौकशी समिती. अटकेपूर्वी त्या समितीचे मत घेण्याचे बंधन. आणि कलम १०६ मध्ये नोंदणीकृत परिचारिकेचा समावेश. नर्सिंग होममध्ये आपले प्रमाणपत्र लावून ठेवलेल्यांनी मात्र या मागणीपत्रावर सही करण्याआधी ते परत आणावे.