ठिणगी वेळेवर पडली तरच!

नोएडाची स्थापना 17 एप्रिल 1976 रोजी झाली. त्याआधी यमुना आणि हिंडन या नद्यांमधल्या या भागात गावे होती, शेते होती. आज तिथे उंच इमारती आणि रुंद रस्ते आहेत. तरीही या परिसराचे शेतीशी नाते अगदीच तुटलेले नाही. शेजारच्या ग्रेटर नोएडात न्यू हॉलंडचा कारखाना आहे आणि तिथले निळे ट्रॅक्टर देशभरातल्या शेतांवर जातात. हा निळा रंग फोर्डच्या ट्रॅक्टरांचा वारसा आहे. फोर्डचा ट्रॅक्टर व्यवसाय 1991 मध्ये फियाटच्या ताब्यात गेला आणि न्यू हॉलंडच्या नावाखाली पुढे चालू राहिला.

या निळ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात स्पार्क प्लग शोधायला गेले तर तो सापडणार नाही. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की ती तापते आणि आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. फरिदाबादला 1959 मध्ये तयार झालेला आयशरचा पहिला ट्रॅक्टरही डिझेलवरच चालणारा होता. म्हणूनच आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटले की डिझेल, हे समीकरण पक्के झाले.

पण या ट्रॅक्टरांचे पूर्वज वेगळे होते. फोर्डने 1917 मध्ये बाजारात आणलेला फोर्डसन ठिणगीवर चालत असे. 1946 ते 1956 या काळात इंग्लंडमध्ये पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेल्या छोट्या करड्या फर्ग्युसनचे पहिले नमुनेही पेट्रोलवर चालत. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते असेच फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन. अशी जुनी यंत्रे आजही कुठे गोठ्यामागे, कुठे एखाद्या हौशी संग्राहकाच्या अंगणात उभी असतात. सुरू होत नाहीत म्हणून त्यांची किंमत भंगाराच्या भावाने ठरते. अनेकदा इंजिन धडधाकट असते. चुकलेली असते ती फक्त ठिणगीची वेळ.

झोक्याचे गणित

झोक्यावर बसलेल्या मुलाला धक्का कधी द्यावा, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. झोका मागे येऊन वळू लागला, की हलका धक्काही पुरतो. तो मागे येत असतानाच धक्का दिला, तर हाताला हिसका बसतो. उशीर केला तर हात नुसताच हवेत जातो. इंजिनातल्या दट्ट्याचेही असेच असते.

मग ठिणगी दट्ट्या अगदी वर पोहोचल्यावरच पडावी का? नाही. इंधन आणि हवेचे मिश्रण पूर्ण पेटायला थोडा वेळ लागतो. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला सेकंदाचा फक्त 33 वा भाग लागतो. म्हणून ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्याच्या थोडी आधीच पाडावी लागते. वेग वाढला की ती आणखी आधी हवी, वेग कमी असला की उशिरा. ठिणगी उशिरा पडली तर इंजिन तापते, इंधन जास्त पिते आणि ओढ कमी होते. फार लवकर पडली तर आतून ठोके ऐकू येतात.

हाताने हँडल मारून ट्रॅक्टर सुरू करताना तर हा प्रश्न थेट मनगटाचा असतो. ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटे फिरते आणि हँडल हातावर येते. म्हणूनच जुने जाणकार आधी ठिणगी मागे घेत. हँडल खालून वर ओढत आणि अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवत.

वायरींचा घोळ

दुसरी नेहमीची चूक वायरींच्या क्रमाची. चार सिलिंडर ओळीने असले, तरी ते 1-2-3-4 अशा क्रमाने पेटत नाहीत. फर्ग्युसनचा क्रम 1-3-4-2, तर फोर्डच्या 1947 सालच्या 8एन ट्रॅक्टरचा क्रम 1-2-4-3. दोन्ही ट्रॅक्टर दिसायला भावंडांसारखे, त्यामुळे एकाचा क्रम दुसऱ्याला लावला जाणे अगदी सोपे!

तसे झाले तर पहिला आणि चौथा सिलिंडर बरोबर चालतात. दुसऱ्या आणि तिसऱ्यात मात्र ठिणगी पडते ती नवे मिश्रण आत येण्याच्या वेळी. इंजिन थरथरते, लंगडते, कार्ब्युरेटरमधून फाटकन आवाज येतो, क्वचित ज्वाळाही येते. पाहणारा म्हणतो, ‘‘इंजिन गेले.’’ प्रत्यक्षात दोन वायरींची अदलाबदल केली की तेच इंजिन सुरळीत चालू लागते.

क्रम तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन थंड असताना, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि ठिणगीचा स्विच बंद करून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढावा. भोकावर अंगठा ठेवावा आणि दुसऱ्याने इंजिन सावकाश फिरवावे. हवा अंगठा ढकलू लागली, की दट्ट्या दाब देत वर येतो आहे असे समजावे. तो वर पोहोचला की डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून आतला रोटर कुठे वळला आहे ते पाहावे. तेच पहिल्या वायरीचे घर. तिथून रोटर ज्या दिशेने फिरतो, त्या दिशेने पुस्तिकेतल्या क्रमाप्रमाणे बाकीच्या तीन वायरी लावाव्यात. वायरी काढण्यापूर्वीच त्यांना आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या, तर हा घोळ मुळात होतच नाही. त्यानंतर पॉइंट स्वच्छ करून त्यांची फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी, कारण फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते.

घरातली जुनी स्कूटर सुरू होईना, की प्लग काढून पॉलिश पेपरने घासणारे हात एकेकाळी घरोघरी होते. ते हात आता थकले आहेत. पुढच्या वेळी भंगारवाला दारातल्या जुन्या ट्रॅक्टरचे वजन विचारील, तेव्हा त्याला उत्तर देण्याआधी घरातल्या आजोबांना एकदा वायरींचा क्रम विचारून पाहायला काय हरकत आहे?