घड्याळ घ्यायचे, पण कोणते?

गेल्या महिन्यात आम्ही नंदुरबार तालुक्यातील रनाळे या गावी बहिणीकडे गेलो होतो. भाचीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळालेला. गणवेश, बूट, वह्या अशी लांबलचक यादी हाती पडली होती. तिच्यात शेवटी एक ओळ होती : सेकंद काटा असलेले मनगटी घड्याळ. दाजींचा हातावरचा संसार. बाकीची खरेदी उरकल्यावर बाराशे रुपये शिल्लक होते, आणि त्यातच घड्याळ बसवायचे होते.

भाचीची आजी ओट्यावरून म्हणाली, “टाईम त मोबाईलमा बी दिखस, मंग घडी कसाले?”

प्रश्न रास्त होता. नुसती वेळ पाहायची तर मोबाईल पुरतो. परंतु रुग्णाची नाडी मोजताना एक हात त्याच्या मनगटावर असतो आणि नजर सेकंद काट्यावर. लहान बाळाचा श्वास तर पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो, कारण तो एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरला, तर तो जलद समजतात. खोकला-सर्दी झालेल्या बाळाचा श्वास असा जलद असेल, तर न्यूमोनियाची शंका धरून त्याला तातडीने दवाखान्यात न्यायचे असते. मोजणीत चूक झाली तर आजारी बाळ घरीच राहते. म्हणूनच घरोघर जाऊन नवजात बाळांची पाहणी करणाऱ्या आशाताईंच्या पिशवीत तापमापक आणि वजनकाट्याबरोबर घड्याळही असते. आजीला हे सांगितले, तेव्हा तिने मान डोलावली.

मग घरात तीन सूचना आल्या. पुतण्याने बाजारातून साडेतीनशेला आणलेले सोनेरी घड्याळ पुढे केले. मोठ्या परदेशी कंपनीचे नाव, आत तीन छोट्या तबकड्या. नीट पाहिले तर त्या तबकड्या नुसत्या छापलेल्या! काटे हलतच नव्हते. शिवाय घामाने मुलामा उडून मनगटावर पुरळ आलेले.

दुसरी सूचना दाजींची : “जुने एच.एम.टी. घेऊ, आमच्या वडिलांकडे होते.” दाजींचा जिव्हाळा आम्ही समजू शकतो. सरकारच्या या कारखान्याने १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे करायला घेतली, आणि त्यातले चावीचे ‘जनता’ घड्याळ पुढे कित्येकांना लग्नात, नोकरीत मिळाले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आज मोबाईलवर ‘जुने पण नव्यासारखे’ म्हणून मिळणाऱ्या या घड्याळांत पुष्कळांची तबकडी नव्याने रंगवलेली आणि आतले भाग इकडून-तिकडून जमवलेले असतात. आम्ही स्वतः असे एक नऊशेला घेऊन फसलो. ते दिवसाला दहा मिनिटे मागे पडे. घरात वडिलांचे अस्सल घड्याळ असेल, तर चांगल्या कारागिराकडून साफ करून जरूर वापरा. अनोळखी माणसाकडून मात्र घेऊ नका.

तिसरी सूचना स्मार्ट घड्याळाची. ते वरचेवर चार्ज करा, आणि बहुतेक परीक्षांना ते चालतही नाही. त्यावर दिसणारा रक्तदाबाचा आकडा पाहून औषध कमी-जास्त करणे तर धोक्याचे. सुई न टोचता साखर मोजते असे सांगणाऱ्या घड्याळांविषयी फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच लोकांना सावध केले होते. मधुमेही वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

उरले साधे सेलवरचे क्वार्ट्झ घड्याळ. याच्या आत गारेचा बारीकसा स्फटिक असतो. सेलच्या विजेने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावर काटा चालतो. महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडला तर पडला. चावीच्या घड्याळात तेवढा फरक एका दिवसात पडू शकतो. थोडक्या पैशात खरी वेळ हवी असेल, तर याला तोड नाही.

आम्ही नंदुरबारला दुकानात गेलो. तेथे जे पाहिले ते क्रमाने सांगतो. पांढरी तबकडी, काळे ठळक आकडे, कडेने साठही रेघा आणि वेगळ्या रंगाचा सेकंद काटा. काटा रेघेवर नीट पडतो ना, हे एक मिनिटभर पाहावे. पाठीचे झाकण स्टेनलेस स्टीलचे आहे का, ते वाचावे. ३० मीटर पाण्याचा आकडा लिहिला असला तरी ते घालून विहिरीत उडी मारू नये. तो हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरताच समजावा. पोहायचे असेल तर निदान ५० मीटरचे, शक्यतो १०० मीटरचे घ्यावे. कातडी पट्टा घामाने कुजतो, म्हणून रबरी किंवा स्टीलचा बरा. पट्टा १८ किंवा २० मिलिमीटरचा असला, तर पुढे कोठेही बदलून मिळतो.

आकड्यांचे घड्याळ चालणार असेल, तर १९८९ पासून बाजारात असलेले कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हेही काटकसरी माणसाचे आहे. कंपनीच्या सांगण्यानुसार त्याचा सेल सुमारे सात वर्षे चालतो. मात्र त्याच्या नकला फार, तेव्हा बिलाशिवाय घेऊ नये.

भाचीला काट्यांचेच हवे होते. टायटन कंपनीचे सोनाटा छापाचे घड्याळ एक हजार पन्नासला पसंत पडले. बिल घेतले, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घालून घेतली. उरलेले दीडशे रुपये पुढच्या सेलसाठी बाजूला ठेवायला सांगितले. सेल संपला की लगेच बदलावा. मेलेला सेल आत राहिला तर पाझरून यंत्र खातो. बदलताना झाकणाखालची रबरी कडी जागेवर बसली का, तेही पाहावे.

संध्याकाळी भाचीने ओट्यावर आजीचे मनगट धरले. “आजी, बोलू नको.” पूर्ण एक मिनिट घरात कोणी बोलले नाही.

“कितला?” आजीने विचारले.

“शहात्तर. चांगली आहे.”

आजीने दुसराही हात पुढे केला. असो. पुढच्या खेपेस आमच्या घरच्या एच.एम.टी.साठी रनाळ्याला न्यावा असा एखादा कारागीर ठाऊक असेल, तर वाचकांनी जरूर कळवावे.