किल्ली कोणी घडवायची?

संगणकीय प्रमाणपत्रासाठी करावयाचा अर्ज हा तंत्रज्ञांचा विषय, त्याच्याशी चळवळीतील कार्यकर्त्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अस्वाभाविक म्हणता येणार नाही. पण सही कोणाची आणि ती करण्याचे साधन कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न ज्यांना परका वाटत नाही, त्यांनी ह्या अर्जाची घडण एकदा समजावून घ्यावी.

१९७६ साली डिफी आणि हेलमन ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी जोडकिल्ल्यांची कल्पना जाहीरपणे मांडली. एक किल्ली जगजाहीर करावयाची, दुसरी स्वतःजवळ गुप्त ठेवावयाची. पहिलीवरून दुसरी शोधून काढणे व्यवहारात अशक्य. आता ही जाहीर किल्ली अमक्याचीच आहे असे कोणी तिसऱ्याने प्रमाणित करावयाचे असेल, तर त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. ह्या अर्जात तीनच गोष्टी महत्त्वाच्या असतात : अर्जदाराचे नाव, त्याची जाहीर किल्ली, आणि त्या दोहोंवर त्याने आपल्या गुप्त किल्लीने केलेली सही. ही सही पडताळली की गुप्त किल्ली अर्जदाराजवळ आहे हे सिद्ध होते. ती किल्ली मात्र त्याचे घर सोडून कोठेही जात नाही. कचेरीत अर्ज करणाऱ्या सामान्य माणसाला मूळ कागदपत्रे खिडकीतून आत द्यावी लागतात आणि ती परत मिळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. येथे अर्जदार काहीही गहाण टाकीत नाही. अर्जाचा असा लोकशाही नमुना नोकरशाहीच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

हा अर्ज तयार करणे कठीण आहे, ही समजूत मात्र खोटी आहे. पायथन भाषेतील ‘क्रिप्टोग्राफी’ नावाचे मुक्त ग्रंथालय घ्या. (ग्रंथालय म्हणजे येथे तयार आज्ञावलींचा संग्रह, तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो.) प्रथम किल्ली निर्माण करावयाची, मग संस्थेचे नाव भरावयाचे, संकेतस्थळाची नावे जोडावयाची आणि शेवटी त्याच किल्लीने सही करावयाची. पंधरा-वीस ओळींत काम संपते. हे ग्रंथालय रचणाऱ्यांची एक खोड मोठी उद्बोधक आहे. ज्या साधनांचा अजाणता वापर घातक ठरेल ती त्यांनी ‘हॅझमॅट’, म्हणजे घातक द्रव्ये, असे नाव दिलेल्या वेगळ्या कप्प्यात ठेवली, आणि किल्ली घडविण्याचे हत्यार त्याच कप्प्यात आहे. शिवाय किल्ली फाइलीत साठविताना ती कुलूपबंद ठेवणार की उघडी, हे सांगितल्यावाचून काम पुढे जात नाही. उघडी ठेवावयाची तर ‘नोएन्क्रिप्शन’ असे स्वतःच्या हाताने लिहावे लागते. बेफिकिरीसुद्धा लेखी करून घेणारी ही शिस्त आपल्या अनेक कार्यालयांना घेण्यासारखी आहे!

इतके सुलभ असूनही सोयीच्या नावाखाली ही किल्ली दुसऱ्याकडून घडवून घेतली जाते. त्याचा परिणाम २०१८ साली दिसला. ट्रस्टिको ही ब्रिटनमधील प्रमाणपत्रविक्रेती कंपनी. तिच्या संकेतस्थळावर ग्राहकांचा अर्ज आणि किल्ली दोन्ही तयार करून मिळत, आणि अशा किल्ल्या कंपनीने साठवून ठेवल्या होत्या. डिजिसर्ट ह्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीशी वाद झाला तेव्हा ट्रस्टिकोने सुमारे २३,००० गुप्त किल्ल्या ई-मेलने तिच्याकडे धाडल्या. ती प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. जी किल्ली मालकाखेरीज कोणाजवळ असताच कामा नये, ती दोन कंपन्यांच्या भांडणातील पुरावा झाली.

आपल्याकडील कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्याच्या कलम ४० नुसार किल्ल्यांची जोडी प्रमाणपत्रधारकाने निर्माण करावयाची असते आणि कलम ४२ नुसार गुप्त किल्लीचा ताबा राखण्याची जबाबदारीही त्याचीच असते. आता ग्रामपंचायतीकडे पाहा. सरपंचाची डिजिटल सही ज्या डोंगलमध्ये असते त्यातून गुप्त किल्ली बाहेर काढता येत नाही. रचना उत्तम आहे. पण डोंगल संगणकचालकाच्या खणात आणि पासवर्ड त्याच्या वहीत असेल, तर त्या रचनेचा उपयोग काय? राखीव जागेवर निवडून आलेली आदिवासी किंवा दलित महिला सरपंच ज्या खर्चाची जबाबदार ठरते, त्यावरची सही तिने केलेलीच नसते. पूर्वी अंगठा तरी तिचाच लागे.

ह्यावर शासनानेच सर्वांच्या किल्ल्या घडवाव्यात आणि सांभाळाव्यात, असे सुचविण्याचा मोह समाजवाद्यांना होणे शक्य आहे. तो टाळलेला बरा. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले आणि भारताच्या प्रमाणन नियंत्रकांना त्या केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. सत्ता खासगी असो वा सरकारी, सर्व किल्ल्या एका ठिकाणी गोळा झाल्या की धोका तोच.

शासनाचे खरे काम वेगळे आहे. ह्या मुक्त साधनांच्या मुळाशी असलेल्या ‘ओपनएसएसएल’ ह्या ग्रंथालयावर जगभरचा व्यापार चालत होता. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष आढळला, तेव्हा त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. नफा वाटून घ्यावयाचा आणि पायाची डागडुजी मात्र कोणीच करावयाची नाही, ही भांडवली व्यवहाराची ओळखीची रीत आहे. २०१५ च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ने संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला, ही मोठीच गोष्ट झाली. पण तिचा डोलाराही प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या आणि प्रतिष्ठानांच्या वर्गणीवर उभा राहिला.

एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या ह्यांच्या मंडळाने असे ठरविले की, मार्च २०२९ पासून संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत ४७ दिवसांहून अधिक असणार नाही. म्हणजे वर्षातून आठ वेळा नवे प्रमाणपत्र. हे काम हाताने होणार नाही. आज्ञावली लिहूनच करावे लागेल. लहान पतसंस्था, कामगार संघटना, गावची वाचनालये ह्यांनी ते स्वतः करावयाचे की कोणा मध्यस्थाच्या हवाली करावयाचे, हे ठरविण्यास फार अवधी उरलेला नाही. तंत्रनिकेतनांतून आणि सहकार प्रशिक्षणातून ह्या पंधरा-वीस ओळी शिकविता येतील. आणि ग्रामपंचायतीत पुढची किल्ली घडेल तेव्हा कळफलकापुढे सरपंच स्वतः बसलेली असावी; पासवर्डही तिनेच निवडावा.