अठरा मार्कांचा एजंट



"काकू, पन्नासात अठरा पाडायचेत. समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, संच पाठ करा." विमा एजंटच्या परीक्षेच्या वर्गात पहिल्याच दिवशी मला मिळालेला हा उपदेश. सांगणारा मुलगा माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा, वागायला गोड. पण त्या एका वाक्यावर मला इतका राग आला की आज लिहायलाच बसले.

परीक्षा कुठली ते आधी सांगते. आयुर्विम्याची नाही, जनरल इन्शुरन्सची. घर, दुकान, गाडी, गोदामातला माल यांचा विमा विकायचा तर ही द्यावी लागते. दहावी पास असलं की बसता येतं. पन्नास प्रश्न, एक तास, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत आणि ३५ टक्क्यांना पास. मराठीतूनही देता येते. दहावीला ३५ मिळवून पास झालेल्या पोराला आपण निदान पुढचं नीट कर म्हणून बजावतो. इथं दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती लोकांची घरंदारं देतो.

मी साठी उलटल्यावर या फंदात का पडले? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या सांगलीच्या पेठेत शिरली. दिरांचं कापडाचं दुकान. खालच्या फळ्यांवरचं सगळं गेलंच, वरच्याला चिखलाचा वास बसला. "विमा आहे, घाबरू नका," असं मीच जाऊबाईंना म्हणाले. कागद काढले तेव्हा कळलं, पूर वगळलेला. आगीच्या त्या पॉलिसीत वादळ आणि पूर हा गट मुळात असतोच. तो मुद्दाम काढायला सांगितला तर हप्ता जरा कमी होतो. दुसऱ्या एजंटपेक्षा आपला आकडा कमी दिसावा म्हणून आमच्या एजंटने तो काढला होता. २००५ चा पूर पाहिलेल्या गावात, नदीपासून हाकेच्या अंतरावर!

एजंट परका नव्हता, ओळखीतल्यांचाच मुलगा. मी विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "काकू, परीक्षेत ते आलंच नव्हतं."

खोटं बोलत नसावा. त्यानेही संचच पाठ केला असणार. पण आपल्याकडे सत्याणुव्रताचे अतिचार सांगतात त्यात मिथ्योपदेश आहे, कूटलेखक्रियाही आहे. स्वतःला न समजलेली गोष्ट समजल्यासारखी दुसऱ्याला सांगणं यातलं पहिलं नाही तर काय? आणि गिऱ्हाइकाची कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन मागाहून मनाने रकाने भरणं, हे दुसरं. कोरी सही दिरांनी दिली होती हेही लिहिते. ती फाईल माझ्याच कपाटात दोन वर्षं होती आणि मी बी. कॉम. असून एकदाही उघडली नव्हती. एजंटवर राग काढताना हे लपवलं तर मीही त्याच यादीत.

आता कुणी म्हणेल, परीक्षा अवघड केली तर गरजू बायकांचं काय? माझ्या वर्गात पापड लाटून घर चालवणारी एक विधवा बाई होती. चार पैसे जोडीला मिळावेत म्हणून आलेली. तिच्यासाठी दार बंद करा असं मी म्हणतच नाही. ती ठार अडली होती ती पुस्तकी शब्दांवर. 'निकटतम कारण' म्हटलं की तिचा चेहरा कोरा. मी विचारलं, दुकानाला आग लागली, बंबाने पाणी मारलं, न जळलेले तागे भिजून गेले. नुकसान पाण्याचं की आगीचं? ती ताडकन म्हणाली, "आगीचंच की, आग नसती तर बंब आला असता का!" झालं, सगळा धडा आला. शिकवणाऱ्याने एवढंही करू नये?

सरासरीच्या कलमाचंही तेच. वीस लाखांच्या मालाचा दहा लाखांचाच विमा घेतला आणि चार लाखांचं नुकसान झालं, तर अशा पॉलिसीत दोनच लाख हाती येतात. निम्मा विमा, निम्मी भरपाई. हे सोडवायला तिला पाटीसुद्धा लागली नाही. घराचा विमा बाजारभावाने नसून पुन्हा बांधायच्या खर्चाने काढायचा, कारण जमीन जळत नाही, हेही तिला एका वाक्यात पटलं. २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आली आहे, तीत कमी रकमेच्या विम्याची ही कात्री लावत नाहीत. पण तीही रक्कम याच खर्चावरून काढतात, आणि ते सांगायला एजंटला आधी ठाऊक हवं ना. बायकांना झेपत नाही हे धादांत खोटं. शिकवायचा कंटाळा आहे आणि कंपन्यांना डोकी भरायची घाई आहे. आता नेमणुकीचं पत्रही कंपनीच देते.

आपणही कमी नाही हं. "पहिल्या हप्त्यातलं तुझं कमिशन आम्हाला सोड" असं हसत हसत किती घरांत म्हणतात! ती सूट देणं आणि घेणं, दोन्हीला कायद्याने मनाई आहे. १९३८ च्या विमा कायद्याचं ४१ वं कलम. ज्याला आपण कमिशनही मिळू देत नाही, तो आपल्यासाठी पॉलिसीचं बारीक टायपातलं पान वाचत बसेल?

मी संच पाठ केला नाही. दुपारची झाकपाक झाली की स्वयंपाकघरातच पुस्तक घेऊन बसायची आणि प्रत्येक कलमाला आपल्याच घरातली वस्तू लावायची. गच्चीवरची टाकी फुटली तर? चोर कुलूप न तोडता उघड्या दारानं आला तर? चाळीसच्या वर मार्क पडले. त्या बाई तेहेतीस. वर्गातला मुलगा म्हणाला, "काकू, उगीच एवढा त्रास घेतलात."

त्या संध्याकाळी दिरांकडे गेले. जाऊबाईंनी चौविहाराच्या आधी जेवून घ्या म्हणून आग्रह केला. मी म्हटलं, आधी दुकानाची नवी पॉलिसी आणा. त्यांनी हप्त्याची पावती आणली. पावती नको म्हटलं, आतली पानं आणा. ती सापडायला अर्धा तास लागला, जेवण राहिलं, आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघं ओट्यावर बसून काय काय वगळलंय त्याची यादी वाचत होतो.