कासरा आपल्याच मुलांच्या हाती हवा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या चौकाचौकांत कराटे, तायक्वांदो, लाठीकाठीच्या शिबिरांचे फलक लागतात. फलकावर उंच लाथ मारणाऱ्या मुलाचे चित्र असते आणि खाली फीचा आकडा असतो. आमच्या वस्तीतला बाप तो फलक वाचतो आणि पुढे निघून जातो. एक तर फी परवडत नाही. परवडली तरी तो म्हणतो, पोराने पुस्तक धरावे. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, मारामारी करायला नाही. त्याचे म्हणणे चूक नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल आम्हाला आज बोलायचे आहे.

१९०१ सालची गोष्ट आहे. साताऱ्यात राहणारा नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह कोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला निघाला. अंगात नवे कपडे, डोक्याला जरीची टोपी. मुले मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. चांगल्या घरची मुले समजून स्टेशनमास्तर चौकशीला आला आणि आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच आपल्या खोलीत निघून गेला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला तो असा, की मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने विटाळ टाळत बाजूने चालायचे. रात्रभर शिदोरी जवळ असून पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलेला हा प्रसंग आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. तरीही आज पुन्हा सांगतो, कारण घाबरलेल्या, तहानलेल्या त्या लेकरांनी कासरा हातात घेतला होता. जातीने त्यांना वाटेवर टाकले, आणि ती वाट त्यांनी स्वतःच्या हाताने पार केली.

जात पोथीत लिहिली गेली हे खरे, पण ती राबवली गेली आमच्या शरीरावर. मान खाली घालून चालायचे, सावली पडू द्यायची नाही, जोहार घालताना कमरेत वाकायचे. पिढ्यान्पिढ्या हेच ‘व्यायाम’ आमच्याकडून करून घेतले गेले. संविधानाने कायदा बदलला. खांदे पाडून चालण्याची सवय मात्र कायद्याने जात नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारे मूल, शिक्षकाने नाव विचारताच आडनाव गिळणारे मूल आम्ही आजही पाहतो. त्याला पुस्तक हवेच. त्याबरोबर स्वतःच्या पायांवर घट्ट उभे राहण्याचा सरावही हवा.

हे दोन्ही एकत्र असावे ही कल्पना आमचीच आहे, कोणाकडून उसनी आणलेली नाही. लहुजी वस्ताद साळवे यांनी पुण्यात तालीम चालवली. महात्मा फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, आणि या फुल्यांनी दांडपट्टा व निशाणबाजीचे धडे लहुजींकडे घेतले. मांग समाजातला वस्ताद आणि माळी समाजातला शिष्य! पुढे फुल्यांनी शाळा काढल्या तेव्हा वस्तादांनी आपल्या समाजातली मुले शाळेत धाडली, आणि शाळेवर उठणाऱ्यांना जरब बसवली. त्याच साळवे घराण्यातल्या मुक्ताने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तालमीने शाळेचे रक्षण केले आणि शाळेने तालमीला दिशा दिली, हा आमचा इतिहास आहे. २०२४ साली राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तो मान मिरवताना लहुजींचे नाव किती जणांच्या तोंडी आले, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

आता सातारा-सांगलीकडे पाहू. हा मुलूख कुस्तीचा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. सरकारला मात्र त्यांची आठवण उशिरा झाली. १९८४ साली अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार आला २०००मध्ये. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपत आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने हे हिंदकेसरी याच मातीतले. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासूनची. मुलींसाठी ती सुरू व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. ती सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने पहिली गदा पटकावली. त्याच वर्षी साताऱ्याच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले. या सर्वांचा आम्हाला अभिमान आहे. पण धनुष्य म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे एकलव्याचा तुटलेला अंगठा येतो, हेही खरे. शिकण्याची इच्छा होती, हात होता, गुरूने तो हातच मागितला. गावातली तालीम बहुतेक ठिकाणी मारुतीच्या देवळाला लागून. जिथे देवळाची पायरी बंद होती, तिथे तांबड्या मातीत आमच्या पोराला कोण उतरवणार होते? आज दार उघडे आहे असे सांगतात. मग आमच्या वस्तीतली किती मुले आत आहेत, हे प्रत्येक गावाने मोजून पाहावे.

मुलाला या शिक्षणातून मिळते काय? ज्युदो असो की कुस्ती, पहिला धडा पडण्याचा असतो. मान सांभाळून कसे पडायचे आणि लगेच कसे उठायचे. ज्या समाजाला पाडण्याचे उद्योग रोज चालतात, त्या समाजाच्या मुलाला हा धडा सर्वांत आधी हवा. दुसरा धडा श्वासाचा आणि रागाचा. समोरचा चिडवतो तेव्हा जो आधी चिडतो तो हरतो, हे मूल आखाड्यात चार वेळा हरून शिकते. व्याख्यान ऐकून शिकत नाही. तिसरा धडा नियमाचा. सलामी दोघांनी एकमेकांना द्यायची, पंचाने थांब म्हटले की थांबायचे. तिथे आडनावाला गुण नाहीत. आणि चौथा, अगदी व्यवहाराचा. वेळेवर झोप, वेळेवर उठणे, गुटखा-तंबाखूपासून दूर राहणे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मागे पडणाऱ्या आमच्या तरुणांना विचारा, दहाव्या वर्षापासून मैदान मिळाले असते तर काय झाले असते.

मुलींबाबत तर आम्ही अधिक आग्रहाने सांगू. शाळेतून घरी येणारी वाट, उसाच्या फडांमधला सुनसान रस्ता, एसटीतली गर्दी ही त्यांची रोजची परीक्षा आहे. सरकारी शाळांत मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, पण ते तीन महिन्यांचे. तीन महिन्यांत हात वळवायला येतो, सवय जडत नाही. ठामपणे ‘नाही’ म्हणण्याचा आवाज रोजच्या सरावानेच येतो.

मात्र आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाही. कराटेचा काळा पट्टा झुंडीपुढे चालत नाही. २०१४ साली तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या आमच्या विद्यार्थ्याला जमावाने मारले. २०१७ साली खालच्या न्यायालयात सर्व आरोपी सुटले. त्या पोराला डावपेच येत असते तर तो वाचला असता, असे म्हणणे म्हणजे दोष मेलेल्याच्या माथी मारणे होय. अत्याचाराला उत्तर अॅट्रॉसिटी कायदा, संघटना आणि सजग साक्षीदार हेच आहे. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या आमच्या माणसांवर महाडात लाठ्या पडल्या. त्यांच्यात लष्करातून निवृत्त झालेले कसलेले गडी होते. इशारा मिळण्याचाच अवकाश होता. बाबासाहेबांनी तो दिला नाही. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली. हात उचलता येत असताना न उचलणे आणि उचलताच येत नाही म्हणून गप्प बसणे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याला आम्ही संयम म्हणतो, दुसरी लाचारी. बुद्धाच्या अहिंसेचा अर्थ सांगताना बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला, तो याच अंगाने समजून घेतला पाहिजे.

दुसरा धोका विचारांचा. लाठी हातात देताना मुलाच्या कानात कोणते विष ओतले जाते, हे पाहणे आवश्यक आहे. जपानमध्ये शिक्षक असलेल्या कानो जिगोरो यांनी १८८२ साली ज्युदो उभा केला तो परस्परांच्या हितासाठी. त्याच देशाने १९३०नंतर शाळांतील युद्धकला लष्करशाहीच्या दावणीला बांधली. शेजाऱ्याचा द्वेष शिकवणारे शिबिर फुकट असले तरी आमच्या मुलाला महाग पडेल. जपानचाच आणखी एक धडा. १९८३नंतरच्या तीन दशकांत तिथे शाळकरी ज्युदोत शंभराहून अधिक मुले दगावली. डोक्याच्या दुखापती आणि शिस्तीच्या नावाखाली केलेली जबरदस्ती ही त्यामागची मोठी कारणे. फ्रान्समध्ये मोबदला घेऊन ज्युदो शिकवायचा तर सरकारी पदविका लागते. तेव्हा प्रशिक्षकाचा पट्टा पाहण्याआधी त्याचे शिक्षण पाहा. मुलांना मारणारा, वजन घटवण्यासाठी उपाशी ठेवणारा, एकट्या मुलीला थांबवून घेणारा वस्ताद असेल तर त्या दिवशीच मूल काढून घ्या. गैरप्रकार झाला तर २०१२चा पोक्सो कायदा आहे. ‘गुरू’ म्हणून कोणाला सूट नाही.

मग करायचे काय? सातारा-सांगलीतल्या गावोगावी आमची बुद्धविहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. त्यांतली कित्येक १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडले तर कुलूपबंद असतात. तिथे आठवड्यातून तीन संध्याकाळी पाऊण तास व्यायाम आणि कला, त्यानंतर तासभर अभ्यास, अशी घडी बसवा. दोन्हींपैकी एकाला दांडी मारणाऱ्याला दुसरेही नाही, असा नियम करा. गावात निवृत्त फौजी, पोलीस असतात; त्यांना बोलवा, पण लहान मुलांना शिकवण्याची रीत जाणणारा प्रशिक्षक सोबत हवाच. मुलींच्या वर्गाला बाई असावी आणि आयांनी बसून पाहावे. प्रमाणपत्र घेण्याआधी ती संघटना मान्यताप्राप्त आहे की नाही, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. पाच टक्के क्रीडा आरक्षणाच्या वेळी भलत्या संघटनेचे प्रमाणपत्र रद्दीच्या भावाचे ठरते. खुराकासाठी बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे, गूळ, अंडी, मटकी आहेत. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या वर्गणीतून किती मुलांचा वर्षभराचा खुराक निघेल, याचा हिशेब मंडळांनी स्वतःच मांडावा. आम्ही मांडला तर राग येईल.

जत, आटपाडी, माण, खटावच्या दुष्काळी गावांतून कामासाठी बाहेर पडणाऱ्या आईबापांना हे सांगणे सोपे नाही, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच हे काम एकट्या बापावर टाकू नये, वस्तीने उचलावे. मसूरच्या वाटेवर मुलांनी कासरा धरला, कारण दुसरे कोणी धरणार नव्हते. आज त्याच वाटेने आमची मुले जात असताना त्यांच्या हाती कासरा असावा तो नाइलाजाने नव्हे, तर तयारीने. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात स्वतःच्या शरीरावरचा आणि मनावरचा ताबा. येत्या जयंतीची वर्गणी गोळा करायला निघाल तेव्हा पहिल्या घरी एवढेच विचारा, आपल्या विहाराचे कुलूप उद्या संध्याकाळी कोण उघडणार?