इग्वानाची सुई आणि मालकाचे देणे

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि तिला अनुसरून २०२४ च्या फेब्रुवारीत, परदेशी जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करावी असे नियम केंद्र सरकारने जाहीर केले. शहरांतील सदनिकांमधून असे प्राणी वाढत आहेत, ही गोष्ट त्यामुळे सरकारदरबारी अधिकृत झाली. मध्य व दक्षिण अमेरिकेतला हिरवा इग्वाना हा त्यांतलाच एक. दिसायला घोरपडीचा भाऊबंद, पण कुळाने निराळा आणि आहाराने शाकाहारी. (घोरपड घरात ठेवणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, हे जाता जाता सांगितलेले बरे.) नोंदणीचा हेतू वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नजर ठेवण्याचा आहे आणि तो रास्तच आहे. परंतु हा प्राणी आजारी पडला, तर घरात त्याला सुई कोण टोचणार, हा प्रश्न अशा नोंदवहीत मावत नाही. या हौसेचा खरा हिशेब मात्र तेथूनच सुरू होतो.

विकत घेताना इग्वानाचे पिल्लू तळहातावर मावते. नीट वाढले तर ते शेपटीसह दीड मीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही लांब होते व पंधरा-वीस वर्षे जगू शकते. खरेदीची किंमत आणि बाळगण्याचा खर्च यांतील फरक आम्ही वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षालाच शिकवतो. येथे मात्र प्रश्न निव्वळ खर्चाचा नाही, देण्याचा आहे. खर्च टाळता येतो. देणे टाळले तर त्याला बुडवणे म्हणतात.

हे देणे उत्पन्न कसे होते, ते पाहावे. पाळीव इग्वानाचा नेहमीचा आजार म्हणजे हाडे मऊ होण्याचा. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेवर पडले म्हणजे त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या बळावर अन्नातले कॅल्शियम अंगी लागते. खिडकीची काच हे किरण अडवते. काचेआडच्या उन्हात तासन्‌तास पहुडलेला इग्वाना सुखी दिसतो, पण त्याची हाडे मात्र झिजत असतात. त्यात मालक पौष्टिक म्हणून रोज पालक चारतो, आणि पालकातील ऑक्झलेट असलेले कॅल्शियमही बांधून ठेवते. जबडा सुजतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात. रोग बळावला की कॅल्शियमची इंजेक्शने द्यावी लागतात. ज्या महाराष्ट्रात ऊन फुकट मिळते, तेथे उन्हाच्या अभावी एखाद्या प्राण्याला सुया टोचाव्या लागाव्यात, यापरता विपरीत व्यवहार कोणता?

आता प्रत्यक्ष टोचण्याविषयी. तोंडातल्या किंवा त्वचेच्या जंतुसंसर्गावर सेफ्टॅझिडाइमसारखे औषध सुरू झाले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांना ते साधारणतः ७२ तासांनी एकदा देतात, आणि हा क्रम काही आठवडे चालू शकतो. प्रत्येक वेळी दवाखाना गाठणे जमत नाही, म्हणून काम घरी येते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी मी हा प्रकार पाहिला आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीवर जाणारी, त्यामुळे वेळ सकाळी सातची. इग्वानाच्या माथ्यावर तिसरा डोळा म्हणता येईल असा एक खवला असतो. त्याने चित्र दिसत नाही, पण वरून येणारी सावली जाणवते. रानात वरून येणारी सावली ही शिकारी पक्ष्याची असते. म्हणून हात वरून न नेता बाजूने, सावकाश न्यायचा. शेपटी चाबकासारखी बसते. पण ती धरून ठेवायची नाही, धरली तर तुटून हातात येते. पत्नीने त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळले, डोळे झाकले, पुढचा एक पाय तेवढा बाहेर काढला. पतीने दोन खवल्यांच्या मधून सुई घातली. पुढचाच पाय निवडण्याला कारण आहे. मागच्या पायांचे व शेपटीचे रक्त मूत्रपिंडांतून होऊन पुढे जाऊ शकते, त्यामुळे तेथे टोचलेले औषध वाया जाण्याची किंवा मूत्रपिंडांना बाधण्याची भीती असते. म्हणून शरीराचा पुढचा भाग वापरावा असा पशुवैद्यकांचा संकेत आहे. दर वेळी जागा बदलायची, आणि नंतर साबणाने हात धुवायचे, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. शिवाय प्राण्याचे अंग पुरेसे उबदार नसेल, तर औषधाचा गुण नीट येत नाही. एवढे सारे अर्ध्या मिनिटासाठी, आणि तेही फुत्कारणाऱ्या, नखे मारणाऱ्या रोग्याच्या इच्छेविरुद्ध!

‘त्याला नको आहे, तर कशाला छळता? निसर्गावर सोडून द्या,’ असे सांगणारी सुशिक्षित मंडळी येथे हटकून भेटतात. वरवर पाहता हा करुणेचा युक्तिवाद आहे. पण त्याची संमती पिंजऱ्यात ठेवताना कोणी विचारली होती? काचेमागे ठेवताना, पालक चारताना विचारली होती? जो निसर्ग आपण त्याच्यापासून काढून घेतला, त्याच्याच हवाली त्याला आजारपणात करणे ही करुणा नसून दिवाळखोरीचा अर्ज आहे. त्याची नाराजी खरी आहे. ती पाहून हात हळुवार व्हावा, पण मागे येऊ नये. रोगाचा उपायच उरला नसेल, तर गोष्ट वेगळी. तो निर्णयही पशुवैद्यकाने करावयाचा आहे, मालकाच्या कंटाळ्याने नव्हे.

हा कंटाळा सार्वत्रिक झाला म्हणजे काय होते, ते अमेरिकेत फ्लॉरिडा राज्याने पाहिले आहे. पाळलेले व निसटलेले इग्वाना तेथे १९६० च्या दशकापासून मोकळे दिसू लागले. पुढे त्यांनी कालव्यांचे बांध पोखरले, बागा खाल्ल्या, आणि अखेर २०२१ मध्ये राज्याने त्यांना बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. ज्यांनी देणे चुकवले ते नामानिराळे राहिले आणि भुर्दंड सर्वांवर पडला.

आपल्याकडे पशुवैद्यकाचे शिक्षण मुख्यतः गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्या यांच्याभोवती उभे राहिले, आणि शेतीप्रधान देशात ते योग्यच होते. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेले डॉक्टर थोडे आहेत. तेही मोठ्या शहरांत. तेव्हा विक्रेत्याने पैसे घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला जवळच्या अशा डॉक्टरचा पत्ता लेखी द्यावा. पत्ता नसेल, तर विक्री करू नये. डॉक्टरांनीही सिरिंजा भरून नुसत्या हाती ठेवू नयेत. पहिली मात्रा आपल्या देखत मालकाच्याच हातून द्यावी आणि या अर्ध्या तासाच्या शिकवणीची वेगळी फी बिनदिक्कत आकारावी. औषधाचे पैसे निमूटपणे देणारा मालक शिकवणीच्या फीवर कुरकुरेल. पण ती द्यायची नसेल, तर दर तिसऱ्या दिवशी दवाखान्यापर्यंतचे रिक्षाभाडे त्याने मोजावे.