सर्वांना एकच नियम?

हल्ली पुण्या-मुंबईत ओळखीच्या घरांतली कितीतरी मुलं परदेशी कंपन्यांत नोकरी करतात. कचेरी हिंजवडीत, मुख्यालय अमेरिकेत आणि साहेब जर्मनीत! अशा कंपन्या नोकरीच्या नियमांचं एक पुस्तक तयार करतात आणि सगळ्या देशांत तेच वाटतात. ‘सर्वांना समान नियम’ हे ऐकायला छान वाटतं. पण मला हे फारसं पटत नाही.

बाळंतपणाच्या रजेचंच पाहा. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्यात १२ आठवडे, आणि तीही बिनपगारी! नोकरीवरून काढण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मालक कारण न देताही काढू शकतो. जर्मनीत, अगदी छोट्या कंपन्या सोडल्या तर, सहा महिन्यांच्या नोकरीनंतर कायद्याला मान्य होईल असं कारण लागतं.

कोणी म्हणेल, शेवटी ज्या त्या देशाचा कायदाच चालतो, मग पुस्तकात काही का असेना! कायद्याच्या दृष्टीने हे खरं आहे. पण नोकरदार माणूस कायदा वाचत नाही, हातात दिलेलं पुस्तक वाचतो. त्यात १२ आठवडे छापले असतील तर एखादी मुलगी तेवढ्यावरच समाधान मानून तान्हं बाळ घरी ठेवून कामावर हजर होईल. तिचे १४ आठवडे तिला न कळताच बुडाले.

म्हणून मला वाटतं, अशा पुस्तकाचे दोन भाग असावेत. पहिला सगळ्या देशांना सारखा: सन्मानाची वागणूक, सुरक्षितता, भेदभाव नको, तक्रार कुठे करायची. दुसरा भाग ज्या त्या देशाचा, तिथला कायदा जाणणाऱ्या माणसाने लिहिलेला, तिथल्या भाषेत. कचेरीतल्या रखवालदाराला आणि ड्रायव्हरलाही तो वाचता आला पाहिजे. आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य: स्थानिक कायदा जास्त देत असेल, तर तोच लागू.

यात खर्च आहे, कटकट आहे, मान्य. पण जन्मभर व्याकरण शिकवल्यामुळे एक ठाऊक आहे. अपवाद न सांगता नुसता नियम शिकवला, की मुलं चुकतात आणि मार्कही त्यांचेच जातात. शिकवणाऱ्याचं काहीच जात नाही.

तुम्हाला काय वाटतं?